हो कोणाचो?

आमच्या लग्नाच्या मुख्य फोटोत माझं तोंड उघडं आहे. गळ्यात हार, कपाळाला मुंडावळ्या, शेजारी ही मान खाली घालून उभी, आणि मी मात्र दाताच्या डॉक्टरासमोर बसल्यासारखा. घरी नवं माणूस आलं की अल्बम निघतो आणि नेमका त्या पानावर थांबतो. "दाढ दुखत होती काय?" असं एका पाहुण्यानं मला अत्यंत सहानुभूतीनं विचारलंही होतं.

दाढ दुखत नव्हती. मी त्या क्षणी माझ्या आजीचं माहेर सांगत होतो.

फोटो काढत होते हिचे मालवणचे मामा. नात्यानं माझे मामेसासरे. कॅमेरा डोळ्याला लावायचे, पुन्हा खाली घ्यायचे आणि म्हणायचे, "जावयबापूनू, तुमचा गाव कळला, वाडी कळली. आजोळ खंय?"

"कसाल," मी म्हणालो. मागे भटजी घड्याळाकडे बघत होते. पंगतीत भात वाढून झाला होता.

"कसाल बरा. पण आवशीच्या आवशीचा म्हायार खंय?"

"मामा, काढा हो फोटो," ही पुटपुटली.

"तू गप ऱ्हव गो. तुझो फोटो कधीय काढीन, तू आमचीच. हो कोणाचो ता कळूक नको?"

मी म्हणालो, "पिंगुळी!" आणि मामांचा चेहरा उजळला. "पिंगुळी? अरे, मगे आधी कित्याक नाय सांगलास! आमच्या शेजाऱ्याची सून पिंगुळेची!" आणि बटण दाबलं. माझं तोंड अजून शेवटच्या 'ळी'वर होतं.

मामांचा नियमच तो. समोरचा माणूस कोण, कुठला, कोणाचा हे कळल्याशिवाय फोटो नाही. आमच्या सिंधुदुर्गात अनोळखी माणूस भेटला की त्याचं गाव, वाडी, घर विचारत विचारत कुठेतरी आपल्या नात्याच्या फांदीला आणून टेकवतात. ते झालं की मग चहा. यात नवीन काही नाही. पण बाकीचे लोक हे वेळ घालवायला करतात, मामा कामाच्या आधी करत. "अनवळखी माणसाचो फोटो म्हणजे दुसऱ्याच्या बागेत पडलेलो नारळ," ते म्हणत. "पडलो म्हणान तो तुझो जाता?"

बाजारात त्यांचा लहानसा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्न जमवायचे फोटो. घाईचं गिऱ्हाईक तिथे जात नसे. परीक्षेच्या अर्जाला फोटो हवा म्हणून आलेला पोरगा आत बसलेला असायचा आणि मामा त्याच्या चुलत्याच्या बदलीबद्दल विचारत असायचे. मामी आतून म्हणायच्या, "ह्येंका फोटोचा दुकान कित्याक होया होता? लग्ना जमवूचा हापीस काढूचा होता."

पण ते पोटाचं काम. खरं काम संध्याकाळी. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून, बाजाराला न्यायची कोंबडी बगलेत धरतात तसा कॅमेरा बगलेत धरून मामा बाहेर पडत. भरडाच्या नाक्यापासून बंदरापर्यंत. आमच्या मालवणाला आम्ही शहर म्हटलं की बाहेरचा माणूस हसतो. हसो. शहरात लागतं ते सगळं आमच्याकडे आहे. वाहतूक अडवून गप्पा मारणारे लोक आहेत, वाढदिवसाचे बॅनर आहेत, बॅनरवर काळे चष्मे लावलेले भावी पुढारी आहेत. समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघून आलेला पर्यटक आहे आणि वर येऊन "इथे पनीर मिळेल का?" असं विचारणाराही तोच आहे. मामांना हे सगळं हवं असे. किल्ला नको, सूर्यास्त नको. "सूर्य काय, सगळीकडे बुडता," ते म्हणायचे. "एस्टी चुकलेलो माणूस बघलंस कधी नीट? तो बघ."

एस्टी चुकलेल्या माणसाचा त्यांनी काढलेला फोटो मी पाहिला आहे. माणूस धुळीकडे बघतोय, हातातल्या पिशवीतून फणस डोकावतोय, आणि दोघांच्या चेहऱ्यावर एकच भाव आहे. अर्थात तो माणूस कोण, ती एस्टी कुठली आणि फणस कोणाकडे चालला होता हे मामांना तोंडपाठ होतं.

एकदा मुंबईहून हौशी फोटोग्राफरांचा गट आला. गळ्यात हातभर लांबीच्या दुर्बिणी लावल्यासारखे कॅमेरे. बाजारातल्या माणसांचे फोटो काढायला कोणीतरी जाणकार हवा म्हणून मामांना बरोबर घेतलं. मामांनी त्यांना पहिल्याच कोळणीसमोर उभं केलं आणि स्वतः तिच्या पाटीशेजारी बसले. तिच्या माहेरापासून सुरुवात झाली. माहेराहून गाडी तिच्या नणंदेवर आली, नणंदेवरून नणंदेच्या ऑपरेशनवर. गट उभा. उन्हं उतरली. एक जण हळूच म्हणाला, "काका, लाइट जातोय."

मामा वर न बघता म्हणाले, "जावं दे. हिचो दीर येतलो आता."

दीर आला, तेव्हा काळोख झाला होता. मामांनी मात्र फोटो काढला. तो मी पाहिला आहे. फारसं काही दिसत नाही, पण ती बाई हसतेय एवढं कळतं.

आता मी या कथेत कुठे येतो ते सांगतो. मी कुडाळात राहतो, कसालच्या एका बँकेच्या शाखेत काम करतो, आणि कलेतलं मला एवढंच कळतं की चौकट सरळ लावावी. पण मामांचे फोटो ट्रंकेत पडून आहेत हे मला सहन होईना. एवढी वर्षं एवढी माणसं टिपली, आणि बघितली कोणी? मी आणि मामींनी. त्यातही मामी फोटो बघताना फक्त "हिका साडी शोभणा नाय" एवढंच म्हणायच्या. मामा सत्तरीला आले होते. एकदा तरी त्यांचं काम भिंतीवर लागावं, लोकांनी थांबून बघावं, असं मला फार वाटायचं. त्यांनाही वाटायचं. बोलत नसत. पण कुठे प्रदर्शनाची बातमी आली की पेपरातली ती घडी त्यांच्या उशाशी दिसायची.

तेव्हा शहरातल्या एका मंडळानं नवं सभागृह बांधलं. त्याच्या भिंतींवर 'आमच्या शहराची माणसं' असे मोठे फोटो कायमचे लावायचं ठरलं. मी लगेच मामांची ट्रंक गाडीत घातली आणि त्यांना कमिटीपुढे नेऊन उभं केलं. नव्या जावयाला देवदर्शनाला नेतात तसं, फक्त उलट.

कमिटी म्हणजे तशी सात-आठ माणसं, पण बोलणारे दोनच. अध्यक्ष आणि चिटणीस. अध्यक्ष म्हणजे शहरातलं प्रत्येक घराणं मुखोद्गत असलेले गृहस्थ. आपण एखाद्याला ओळखत नाही हे वाक्य त्यांनी आयुष्यात उच्चारलं नव्हतं. फोटो टेबलावर पसरले आणि त्यांतला एक सगळ्यांनी उचलला.

तो फोटो मीही तेव्हाच पहिल्यांदा बघत होतो. जेटीवर जाळ्याच्या ढिगावर बसलेला एक खलाशी. फाटकी बनियन. मागे नुसती करडी भिंत आणि तिच्यावर फाटलेल्या पोस्टरचा कोपरा. माणूस डोकं मागे टाकून हसतोय. डोळे मिटलेत, दात दिसताहेत, पायाची बोटंसुद्धा हसून आखडली आहेत. बघणाऱ्याला हसू आल्याशिवाय राहत नाही. मला आलं. चिटणिसांना आलं, आणि ते पंचवीस वर्षं चिटणीस आहेत.

"ह्यो!" अध्यक्ष म्हणाले. "दारातसून आत इल्या इल्या समोरच्या भिंतीवर. भिंतभर. हाच आमचा शहर." आणि मग साहजिकच वाडीवर येत, "हो दांडीवरचो मां? हेचो आजो आमच्या माडांर चढायचो."

"दांडीवरचो खंयचो?" चिटणीस म्हणाले. "नाक बघा हेचा. ह्या नाक देवबागचा."

"नाक सोड. कपाळ बघ. आज्याचा कपाळ!"

"ह्येची आवस बाजारात सुकी सुंगटा घेवन बसता. मी तिच्याकडसून घेतंय."

बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले. एकाच्या मते तो त्याच्या वर्गात होता. खरं सांगतो, मलाही तो ओळखीचा वाटू लागला. आमच्या शाखेत त्याचं खातं असावं आणि सही जुळत नसावी, असं काहीतरी.

मामा एकटे बाकीचे फोटो गोळा करत होते. अध्यक्षांनी विचारलं, "मामानू, सांगा तुमीच. कोणाचो?"

"माका म्हायत नाय," मामा म्हणाले.

मामांच्या तोंडून असं वाक्य म्हणजे भटजी मंत्र विसरल्यासारखं.

फोटो कमिटीकडे ठेवून परत येताना गाडीत त्यांनी सांगितलं. त्या संध्याकाळी ते जेटीवरून चालले होते. हा माणूस एकदम हसायला लागला, आणि तोंडानं "खंयचो रे तू" म्हणायच्या आत बोटानं बटण दाबलं. जवळ जाईपर्यंत होडी सुटली. घरी येऊन ते जेवले नाहीत. मामींना म्हणाले, "आज माझ्या हातसून चोरी झाली."

मामी घाबरल्या. "शिरा पडली ती! कोणाचा काय उचललात?"

"फोटो."

"फोटो मां? माका वाटला बांगडे," म्हणून मामींनी पान वाढलं.

"मामा," मी म्हणालो, "आयुष्यातला सगळ्यांत चांगला फोटो आहे हा तुमचा."

"म्हायत आसा माका," मामा म्हणाले. "म्हणानच सांगतंय. तेका हुडकूक होयो. तेना हो म्हटल्यान तर लावया."

उद्घाटनाला अजून अवकाश होता. मी म्हटलं, शोधू. शहरातले सगळे त्याला ओळखतातच.

इथेच सगळं चुकलं. सगळे ओळखत होते म्हणूनच तो सापडेना. रविवारी माझी गाडी, पुढे मामा, मांडीवर फोटोची दुसरी प्रत. दांडीवर गेलो. अध्यक्षांनी सांगितलेलं घर सापडलं. तिथल्या आजोबांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि सांगितलं, हा तर देवबागचा. देवबागला म्हणाले, अहो, हा आचऱ्याचा, आमच्या मेव्हण्याच्या गावचा. आचऱ्याला एका घरी आम्हाला सोलकढी मिळाली, मुलाच्या नोकरीची हकिगत मिळाली, आणि तो सर्जेकोटचा आहे ही माहिती मिळाली. सर्जेकोटला एका म्हाताऱ्यानं फोटो बघून तोंड फिरवलं.

"हो आमच्या भावकीतलो," तो म्हणाला.

मामा खुलले. "नाव काय हेचा?"

"आमी बोलनव नाय तेंच्याशी."

"नुसता नाव सांगा."

"नाव घेनव नाय आमी. जमिनीचा कोर्टात आसा."

मामांनी म्हाताऱ्याची खूप मनधरणी केली. तेवढ्यात मागून त्याची सून बाहेर आली, फोटो बघितला आणि म्हणाली, "हो तो नाय ओ. तो टकलो आसा." म्हाताऱ्याला आपण विनाकारण तोंड फिरवल्याचं वाईट वाटलं असावं, कारण त्यानं आम्हाला शहाळी दिली.

पुढच्या रविवारी आम्ही देवगडला गेलो. मी आशा सोडली होती. माझं मुख्य लक्ष जेवणाकडे होतं. बंदरावर लिलाव संपत आला होता. एक बाई खलाशांना चहा विकत होती. मामांनी तिच्यापुढे फोटो धरला. ती हसली.

"तिरलो मां! चायत खारी बुडवन खाता. थंय बघा, त्या लाल होडयेर."

तो कोणाचा, हे तिनं सांगितलं नाही. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

लाल होडीवर तो जाळं शिवत बसला होता. त्याचं नाव त्रिलोचन. ओडिशातल्या समुद्राकाठच्या एका गावचा. तिथल्या कोळ्याचा मुलगा, इथे होडीवर खलाशी. मालवणच्या तांडेलाबरोबर, म्हणजे होडीच्या प्रमुखाबरोबर, कधी मालवणात, कधी देवगडात. दांडीवर त्याचा आजा कधी माडावर चढला नव्हता. त्याच्या आईनं सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, विकली असली तर ती अर्ध्या देशापलीकडे.

मामा होडीच्या कडेवर बसले आणि त्यांच्या हिंदीत सुरू झाले. "तुम किधर का, वो मालूम हुआ. लेकिन वाडी कौनसा?"

त्रिलोचननं सांगितली.

"बाप का नाव?"

तेही सांगितलं. त्याला या प्रश्नांचं जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. माझी खात्री आहे, त्यांच्या गावातही हेच करतात.

"आवशीचा... माय का माहेर किधर?"

त्रिलोचननं आईचं माहेर सांगितलं, ते किती लांब आणि मध्ये नदी कुठे येते तेही सांगितलं. मामा विचारात पडले. त्यांच्या डोक्यातली सगळी सुना-जावयांची झाडं हलत होती, पण एकही फांदी ओडिशापर्यंत पोचत नव्हती. शेवटी त्यांनी एक युक्ती केली. "तुम जेवता किधर? तांडेल के घर? तांडेल की बायको तो आमच्या शेजाऱ्याची भाची! मगे तू आमचोच झालंस. जो जिधर जेवता, वो उधर का."

त्रिलोचननं सुई बाजूला ठेवली. "नहीं काका," तो अगदी आदरानं म्हणाला. "खाता उनके घर हूँ। हूँ तो अपने बाप का।"

मामांनी मान डोलावली. मग म्हणाले, "बरोबर आसा."

मग त्यांनी फोटो दाखवला. मला वाटलं होतं तो खूश होईल. त्यानं फोटो बघितला आणि त्याचा चेहरा पडला. आधी त्यानं मागे वळून तांडेल कुठे आहे ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, उस दिन तांडेल गिरा था। बर्फ पर। मैं उसी पर हँस रहा था।"

"तेका काय कळतला?" मी मध्ये तोंड घातलं. उत्साहात मलाही मालवणी येतं.

"और बनियान फटा है," त्रिलोचन म्हणाला. "घर में मेरी शादी की बात चल रही है। ये फोटो दीवार पर लगेगा, कोई मोबाइल में खींचेगा, मोबाइल से गाँव पहुँचेगा। लड़की वाले देखेंगे, बोलेंगे, ये क्या है? पागल है?" मग थोडं थांबून, "लगाना है तो अच्छा फोटो लगाओ। लड़की वालों को भी भेजना है।"

तांडेलाचा पांढरा शर्ट आणला गेला. केसांना पाणी लावलं. त्रिलोचन होडीच्या नाळेपाशी, पुढच्या टोकाला, उभा राहिला, हात मांडीला चिकटवून, हनुवटी वर, ओठ घट्ट मिटून. शाळेच्या कवायतीत उभा असावा तसा. मामांनी त्याला हसवायला काय काय केलं! तांडेलाची नक्कल केली. माझ्याकडे बोट दाखवून "ये जावय का तोंड देखो" म्हणाले. त्रिलोचन ढिम्म.

"काका, शादी का फोटो है," तो ओठ न हलवता म्हणाला. "इसमें हँसते नहीं।"

मामांनी बटण दाबलं.

परत येताना मला राहवेना. "मामा, तो काय मालवणात बघायला येणार आहे? पहिलाच लावू. कोणाला कळणार?"

मामा खिडकीबाहेर बघत होते. कुणकेश्वरचा फाटा मागे पडला. मग म्हणाले, "तेना नको म्हटल्यान."

"पण तुमचा फोटो..."

"फोटो माझो. तोंड तेचा." आणि जरा वेळानं, "जावयबापूनू, गाडी बघून चालवा. तोंड उघडा ठेवन नको."

मालवणात शिरलो तर भरडावर मोठा बॅनर. सभागृहाच्या उद्घाटनाचं निमंत्रण, आणि त्यावर भिंतीएवढा हसणारा त्रिलोचन. कमिटीनं आमची वाट पाहिली नव्हती. बॅनरखाली दोन माणसं उभी होती आणि तो कोणाचा यावर वाद चालला होता.

मामा गाडीतून उतरले आणि थेट चिटणिसांच्या घरी गेले. "बॅनर काढा," ते म्हणाले.

"मामानू, आख्ख्या शहरान बघल्यान," चिटणीस म्हणाले. "आता काढून काय होतला?"

"न्हय तर माझे सगळे फोटो परत द्या."

सगळे! एस्टी चुकलेला माणूस, काळोखातली कोळीण, सगळी संध्याकाळची माणसं. उद्घाटन पाच दिवसांवर आलेलं. मी मामांच्या शर्टाची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली. चिटणिसांनी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष फोनवर बराच वेळ रागावून बोलले, मग मामांच्या आजोळाबद्दल काहीतरी बोलले, मग थकले. बॅनर उतरला. समोरच्या भिंतीसाठी मामांनी दुसरा फोटो द्यावा, असं ठरलं. मामांनी दिला नाही. "ती भिंत तेचीच," म्हणाले. "तो नसलो तर रिकामी ऱ्हवांदे." नव्या शर्टातल्या त्रिलोचनचा फोटो कमिटीनं कसाबसा घेतला, पण समोर नाही. पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी.

उद्घाटन झालं. लोक आले. आपापले फोटो, आपापले काके-मामे हुडकत फिरले, ओरडले, हसले. मामींनी नवी साडी नेसली होती, आणि प्रत्येक फोटोसमोर थांबून, त्यातल्या बायकांच्या साड्यांबद्दल मतं मांडत, पहिल्यांदाच नवऱ्याचं काम नीट बघितलं. मामा मात्र सबंध दिवस नळाशेजारी उभे होते. पाणी प्यायला येणारा प्रत्येक माणूस वर बघायचा आणि विचारायचा, "हो कोण?"

दांडीचा नाही, देवबागचा नाही. ज्यांनी बॅनरखाली त्याच्या आजोबांचं कपाळ ओळखलं होतं, त्यांना हा शर्टातला माणूस ओळखता येईना. मामा सांगायचे. नाव, बापाचं नाव, गाव, आईचं माहेर. लोक पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "पण मगे आमच्या शहरातलो कसो?"

"बंदरार आसा. मासे खातास मां तुमी?"

शेवटी अध्यक्ष आले. ग्लास हातात धरून त्यांनी फोटो निरखला. एकदा जवळून, एकदा लांबून. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता दोन आजोबा आणि एक माड निघणार.

"मामानू," ते म्हणाले, "नाय बाबा वळखूक येत."

मामांनी त्यांना हाताला धरून फोटोच्या आणखी जवळ नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. अध्यक्षांनी ऐकून घेतलं. त्यांनी ग्लासातलं पाणी प्यायलं की नाही, मला आठवत नाही.

मग काही महिने गेले. मामांचा दिनक्रम पुन्हा सुरू झाला. एके दिवशी त्यांना फोन आला. मी तिथेच होतो, मामींच्या हातचे घावणे खात. मामा "हां... हां... अरे, कित्याक?" असं करत राहिले. फोन ठेवून माझ्याकडे वळले. चेहरा असा की हसावं की काय ते कळेना.

"तिरलो होतो," ते म्हणाले. "चेडवाच्या घरच्यांनी फोटो बघल्यानी. नको म्हणतत."

"का?"

"म्हणतत, झील भारी रागीट दिसता. हसणाच नाय."

मामी आतून म्हणाल्या, "मगे! जल्माचा सुतक धरल्यासारखो उभो केल्यात तेका!"

"मी खंय केलंय? तेनाच..." मामा थांबले. "आता इचारता, काका, वो हँसनेवाला है क्या."

तो फोटो ट्रंकेतून बाहेर आला. मोबाइलवर पाठवला तो पाठवलाच, पण मामांनी मोठा कागदी प्रिंटही केला, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधला, आणि कुरिअर करायची जबाबदारी जावयाकडे आली. मी पत्ता लिहिताना मामा शेजारी उभे राहून गावाचं नाव नीट लिहितोय की नाही ते बघत होते.

लग्न ठरलं. त्रिलोचननं सांगितलं, मुलीनं फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा ती एवढी हसली की तिच्या आईला वाटलं हिला कोणी चिडवतंय. तो तांडेलावर हसतोय हे त्यानं तिला सांगितलं की नाही, माहीत नाही. तांडेलाला नक्कीच सांगितलेलं नाही.

ही बातमी शहरभर व्हायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी चिटणीस मामांकडे. "मामानू, आता तेची हरकत नाय मां? समोरची भिंत अजून रिकामी आसा. लावया मोठो."

मला आनंदानं उभं राहायचं होतं, पण मांडीवर घावण्याची बशी होती. मामांनी फोन लावला. त्रिलोचन म्हणाला, मला चालेल काका, पण फोटो आता तिच्याकडे आहे, तिला विचारतो. दोन दिवस वाट पाहिली. या दोन दिवसांत मामा स्टुडिओत गिऱ्हाइकांना काहीच विचारत नव्हते. तुमची वाडी कुठली, हेसुद्धा नाही. फोटो काढून मोकळे. लोकांना वाटलं, आजारी आहेत.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. ती नको म्हणाली. घरात लावलाय, म्हणाली, सगळ्यांनी कशाला बघायचा?

मामींना राग आला. मला तर फारच आला. मनातल्या मनात मी त्या न पाहिलेल्या मुलीला बरंच काही ऐकवलं. मामा मात्र टेबलावर बोटं वाजवत बसले होते, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. संध्याकाळी कॅमेरा बगलेत धरून ते बाजारात गेले आणि भरडापासून बंदरापर्यंत, ज्याला त्याला थांबवून सांगत सुटले, "नको म्हटल्यान! तिना नको म्हटल्यान! फोटो आता तिच्या घरचो!" पेढे वाटावेत तसे.

गेल्या पावसाळ्यापासून गुडघ्यांमुळे मामा-मामी मुलीकडे पुण्याला असतात. दहाव्या मजल्यावर. तिथे मामांची मोठी पंचाईत होते. लिफ्टमध्ये माणूस भेटतो, चौथ्या मजल्यापर्यंत जेमतेम त्याचं गाव कळतं आणि तो उतरतो. म्हणून मामाही त्याच्याबरोबर उतरतात. सोसायटीच्या चिटणिसांनी मुलीला विचारलं, तुमचे वडील कशाची चौकशी करत फिरतात? पण अलीकडे त्याच चिटणिसांचा, लिफ्टचं दार हातानं अडवून हसत उभे असल्याचा, फोटो मामांनी मला पाठवला. ते मूळचे लातूरचे आहेत, आणि त्यांच्या बहिणीची जाऊ कणकवलीची आहे.

मालवणात गेलो की मी त्या सभागृहात डोकावतो. सगळे फोटो जागेवर आहेत. नळाशेजारी त्रिलोचन हनुवटी वर करून उभा आहे आणि पाणी पिणारे अजूनही वर बघून विचारतात. दारातून आत गेल्या गेल्या समोरच्या मोठ्या भिंतीवर कमिटीनं शेवटी एक घड्याळ लावलं. चांगलं आहे. वेळ बरोबर दाखवतं. लोक त्याच्याकडे बघतात आणि उशीर झाला म्हणून निघून जातात.